बोलतं करण्याचा वर्ग: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

विज्ञानाच्या मुलांना आपलं काम बोलून सांगायला शिकवायचा वर्ग: दहा आठवडे, दर शुक्रवारी दोन तास, १४ जण. बारा जण एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचे, दोघं संशोधक विद्यार्थी. विषय पाच: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, गणित. मुलांची नावं इथे लिहिणार नाही, विषयावरून ओळख ठेवते.

हा वर्ग सुरू करण्यामागे गेल्या वर्षीचं एक सादरीकरण आहे. एका मुलाने दीड वर्ष खपून केलेलं काम बारा मिनिटांत पडद्याकडे तोंड करून वाचून दाखवलं. परीक्षकांनी पहिलाच प्रश्न जो विचारला त्याचं उत्तर त्याच्या चौथ्या स्लाइडवर होतं. काम चांगलं होतं, मी ते जवळून पाहिलं होतं, आणि ते खोलीतल्या एकाही माणसापर्यंत पोचलं नाही. हे मला तेव्हापासून टोचतंय.

आखणी अशी: पहिल्या दिवशी प्रत्येकाचं तीन मिनिटांचं चित्रीकरण, शेवटी पुन्हा एकदा. मधे आवाज, उभं राहणं, हातवारे, स्लाइड, प्रश्नोत्तरं, या क्रमाने.

९ जानेवारी

चित्रीकरण झालं. १४ पैकी ११ जणांनी सुरुवात केली ती "माझ्या प्रकल्पाचं शीर्षक आहे" अशी, आणि शीर्षक वाचायलाच पंधरा-वीस सेकंद गेली. नऊ जणांचा वेळ संपला तेव्हा ते अजून प्रस्तावनेत होते. स्वतः काय केलं ते सांगायची वेळच आली नाही.

गणिताचा मुलगा चाळीस सेकंद बोलला, थांबला, "सॉरी मॅडम" म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. मी त्याला पुन्हा उभं केलं नाही. वर्ग संपल्यावर एवढंच म्हटलं, "पुढच्या शुक्रवारी ये." मान हलवली त्याने. येईल का, सांगता येत नाही.

रात्री सगळी चित्रणं पुन्हा पाहिली. एक गोष्ट खटकली. आपण कुणाशी बोलतोय हे यातल्या एकानेही ठरवलेलं नव्हतं. मार्गदर्शकाला दाखवायचा अहवाल ती मोठ्याने म्हणत होती. आखणीत याचा विचारच नाही. बघू.

१६ जानेवारी

गणिताचा मुलगा आला. मागच्या बाकावर बसला, पण आला.

आज भीतीवर. विज्ञानाची मुलं आहेत, तेव्हा भीतीकडेही त्यांनी विज्ञान म्हणून बघावं असं ठरवलं. धडधड का होते, घसा का कोरडा पडतो, हात का थरथरतात, हे त्यांनीच फळ्यावर मांडलं: अ‍ॅड्रेनलिन, स्नायूंकडे वळणारं रक्त, आटलेली लाळ. मग जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ मध्ये मांडलेल्या चाचणीबद्दल सांगितलं. प्रयोगशाळेत माणसावर खात्रीने ताण आणायचा कसा, हा तिथल्या संशोधकांपुढचा प्रश्न होता. त्यांनी काय केलं? तयारीला थोडा वेळ दिला, चेहऱ्यावर काहीही न दाखवणाऱ्या परीक्षकांपुढे पाच मिनिटं भाषण करायला लावलं, आणि पाठोपाठ १०२२ मधून १३ वजा करत जायला सांगितलं, तेही मोठ्याने. चुकलं की पुन्हा १०२२ पासून. लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, ठळकपणे वाढलं. ताणाच्या अभ्यासात ही पद्धत आजही वापरतात.

वर्गात एकदम हलकं झालं. सूक्ष्मजीवशास्त्राची मुलगी म्हणाली, "म्हणजे मॅडम, घाबरणं हे अपेक्षित निरीक्षण आहे." हो, अगदी तेच.

दुसरा भाग जास्त कामाचा ठरला. आपल्या मनातली घालमेल समोरच्याला स्वच्छ दिसतेय असं बोलणाऱ्याला वाटतं, पण ऐकणाऱ्याला ती बरीच कमी दिसते. मनातलं समोरच्याला आपल्याला वाटतं तेवढं दिसत नाही, हे मानसशास्त्रज्ञ गिलोविच आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं. पुढे २००३ मध्ये सॅवित्स्की आणि गिलोविच यांना असंही आढळलं, की ही गोष्ट आधी समजावून सांगितली तर भाषण प्रत्यक्षातही चांगलं होतं. नुसतं सांगण्यापेक्षा करून पाहिलं. प्रत्येकाने एक मिनिट बोलायचं, मग आपण किती घाबरलेले दिसलो याचा ० ते १० मधला आकडा चिठ्ठीवर लिहायचा. ऐकणाऱ्यांनीही लिहायचा. दोन रकाने फळ्यावर शेजारी शेजारी मांडले आणि काही क्षण कुणी बोललंच नाही. एकीने स्वतःला ९ दिले होते, वर्गाची सरासरी ४ च्या खाली. ती फळ्यापाशी जाऊन आकडे पुन्हा मोजून आली.

२३ जानेवारी

वाईट दिवस. आवाज आणि उभं राहणं घेतलं. पाय खांद्याइतके दूर, हात मोकळे, नजर डावीकडून उजवीकडे. तासाभराने माझ्यापुढे चौदा पुतळे उभे होते. जी थोडीफार सहज बोलायची तीही हाताचं काय करायचं या विचारात वाक्य विसरू लागली.

आखणीतला हा भाग मी काढून टाकतेय. दोनच गोष्टी ठेवते: शेवटच्या बाकावरच्या माणसाला ऐकू जाईल असं बोला, आणि महत्त्वाचं वाक्य झालं की थांबा. माणसाला सांगायचं काय आहे आणि ते कुणाला, हे पक्कं झालं की हात आपोआप हलतात. मैत्रिणीला फोनवर रस्ता समजावताना आपण हातवारे करतोच ना, ती बघत नसली तरी.

३० जानेवारी

टिचक्यांचा प्रयोग. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्डमध्ये केलेला. एकाने सर्वांच्या ओळखीच्या गाण्याचा ठेका बोटाने टेबलावर वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं होतं निम्म्या वेळा तरी ओळखता येईल. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याच्या कानावर फक्त टकटक पडते.

आमच्या वर्गात एकच गाणं ओळखलं गेलं. वाजवणारी मुलं अक्षरशः चिडली, "एवढं सोपं आहे!" मी म्हटलं, ९ तारखेला तुमची सादरीकरणं ऐकताना माझ्या कानावर हेच पडत होतं.

त्यानंतर कुणाला फार समजवावं लागलं नाही. प्रत्येकाने आपल्या विषयातल्या टकटकीची यादी केली. अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच जास्त फसवतात हे त्यातून पुढे आलं. अनोळखी शब्द आला की ऐकणाऱ्याला निदान आपल्याला कळलं नाही हे तरी कळतं. पण "त्रुटी" म्हटलं की त्याला वाटतं चूक झाली, आणि बोलणाऱ्याला म्हणायचं असतं मोजमापातली अनिश्चितता. "सिद्धांत" म्हणजे बाहेरच्या माणसाला नुसती कल्पना. "लक्षणीय फरक" म्हणजे मोठा फरक, असं जवळपास सगळे ऐकतात, आणि संख्याशास्त्रात तो अगदी लहानही असू शकतो. सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांचा "कल्चर", म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू, तर ऐकणाऱ्याला थेट नृत्य-नाट्याकडे घेऊन जातो.

वर्ग संपताना नियम ठरवला. इथून पुढे ऐकणाऱ्यांनी "छान झालं", "आत्मविश्वास हवा" असलं काही लिहायचं नाही. जिथे समजेनासं झालं तिथे घड्याळ बघून वेळ टिपायची, "१ मिनिट १० सेकंदांना हरवलो", बस. बोलणाऱ्याला मत नको, विदा (डेटा) हवा. मुलांना हे फार पटलं. टोमणा वाटत नाही आणि कुठे दुरुस्त करायचं ते नेमकं कळतं.

६ फेब्रुवारी

घरी बोलतो त्या भाषेत विषय सांगायचा, घरातल्या कुणाला तरी, आणि काय झालं ते येऊन सांगायचं, असा गृहपाठ दिला होता. वनस्पतिशास्त्राच्या मुलाने आजीला पर्णरंध्रांबद्दल सांगितलं. पानाला तोंडं असतात, ती उघडली की हवा आत येते, पण पाणी बाहेर जातं. म्हणून झाडाला सतत ठरवावं लागतं, खायचं की तहान सोसायची. आजीने विचारलं, "मग रात्री काय करतं?" तो म्हणाला, "मॅडम, माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण यावरच आहे."

त्याने हेच आज वर्गात सांगितलं. पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत हरवल्याची एकही चिठ्ठी आली नाही. "खायचं की तहान सोसायची" हे शास्त्रीय भाषेत कार्बन डायऑक्साइड आत घेणं आणि बाष्पोत्सर्जन यांच्यातला तोल आहे, आणि ते त्याने पुढच्याच वाक्यात सांगितलं. आधी चित्र, मग संज्ञा. उलट क्रमाने तेच सगळं ९ जानेवारीला ऐकलं होतं, तेव्हा मला काही लक्षात राहिलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी

स्लाइड. मायकेल अ‍ॅली यांची पद्धत वापरली: स्लाइडच्या माथ्यावर "निष्कर्ष", "पद्धत" असे शब्द न लिहिता एक पूर्ण विधान लिहायचं, आणि खाली त्या विधानाचा पुरावा, चित्र किंवा आलेख. मुद्द्यांची जंत्री नाही. मुलांची पहिली अडचण अशी, की पूर्ण विधान करायचं म्हणजे काहीतरी ठामपणे म्हणावं लागतं. "तापमानाचा परिणाम" लिहिणं सोपं. "तापमान वाढलं की विघटन वेगाने होतं" लिहायला आधी ते खरं आहे का हे बघावं लागतं.

आज जे घडलं ते नीट लिहून ठेवते.

रसायनशास्त्राची मुलगी एका रंगद्रव्याचं प्रकाशात होणारं विघटन मोजते. द्रावणात प्रकाशाचं शोषण जितकं कमी उरेल तितकं विघटन जास्त. दोन उत्प्रेरकांची तुलना. आलेखावर दोन स्तंभ, एक दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी उंचीचा. माथ्यावर विधान: "दुसरा उत्प्रेरक कितीतरी अधिक प्रभावी आहे." आमचा नियम असा, की आलेख आला की आधी अक्ष सांगायचे, मग एक बिंदू किंवा एक स्तंभ बोट ठेवून वाचायचा, मगच अर्थ. तिने सुरुवात केली. "आडव्या अक्षावर दोन उत्प्रेरक आहेत. उभ्या अक्षावर एका तासानंतर उरलेलं शोषण. हा अक्ष सुरू होतो..." आणि ती थांबली. पडद्याजवळ गेली. "हा अक्ष सुरू होतो ०.४० पासून." पुन्हा थांबली. पहिला स्तंभ ०.४६, दुसरा ०.४२. तिने बोटाने दोन्ही टोकं दाखवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, हा फरक एवढा मोठा नाहीये."

मग कुणीतरी विचारलं, वाचन किती वेळा घेतलं. प्रत्येकी दोनदा. ती खाली बसली आणि वहीत काहीतरी लिहू लागली.

तिने कुणाला फसवायला तसं केलं नव्हतं. आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरने अक्ष स्वतःच तसा निवडला होता, आणि हा आलेख गेले चार महिने तिच्या वहीत, संगणकावर, मार्गदर्शकांच्या टेबलावर फिरत होता. सगळ्यांनी पाहिला, मोठ्याने वाचला कुणीच नव्हता. इतके दिवस मी समजत होते की विज्ञान आधी पुरं होतं आणि बोलणं हा त्याच्यावरचा शेवटचा हात. आज ते डोळ्यांसमोर चुकीचं ठरलं.

१४ फेब्रुवारी

रात्रभर कालचंच डोक्यात. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेबद्दल वाचत बसले. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी, १८१२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकली आणि त्यांची टिपणं बांधून त्यांनाच पाठवली. पुढे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये स्वतः इतका उत्तम वक्ता झाला, की लहान मुलांना साध्या मेणबत्तीवरून रसायनशास्त्र शिकवायचा. हे कौशल्य उपजत नव्हतं. त्याने वक्तृत्वाची शिकवणी लावली होती. व्याख्यान देताना वेग वाढला की "हळू" लिहिलेला पुठ्ठा त्याचा सहायक त्याच्यासमोर ठेवायचा, तास संपत आला की "वेळ".

तसे दोन पुठ्ठे आजच कापून ठेवले. मोठ्या अक्षरात, काळ्या शाईत.

२० फेब्रुवारी

पुठ्ठे चालले. "हळू" एकूण एकोणीस वेळा वर गेला.

विषय होता वस्तू. १९८६ मध्ये चॅलेंजर अवकाशयानाच्या दुर्घटनेच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांनी रबराच्या सीलचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढला, आणि थंडीत रबर पटकन पूर्ववत होत नाही हे सगळ्यांना दिसलं. संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर व्याख्यानात सुमारे ३० सेंटिमीटरच्या तारा वाटायच्या: एका नॅनोसेकंदात प्रकाश एवढंच अंतर जातो. तर प्रत्येकाने हातात धरता येईल असं काहीतरी आणायचं होतं.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलीने पेनाचं टोपण आणि दोऱ्याचं रीळ आणलं. "ई. कोलाय जिवाणू साधारण दोन मायक्रोमीटर लांब. मी तो दहा हजार पट मोठा केला, हा बघा, दोन सेंटिमीटर." टोपण वर धरलं. "आता त्याच्या आतला डीएनए त्याच पटीत." रिळाचं टोक पहिल्या बाकावर दिलं आणि चालू लागली. दोरा शेवटच्या बाकापर्यंत गेला, वळला, परत आला, पुन्हा गेला. सोळा मीटर. मुलं दोरा एकमेकांकडे देत होती, कुणी बोलत नव्हतं. मग तिने टोपण पुन्हा वर धरलं आणि विचारलं, "हे सगळं यात कसं मावतं?" तिचा प्रकल्प डीएनएला पीळ देणाऱ्या विकरांवर आहे. यापेक्षा चांगली प्रस्तावना मी तरी ऐकलेली नाही.

मला सगळ्यात आवडलं ते तिचं पुढचं वाक्य: "दोरा मात्र खोटा आहे. याच पटीत खरा डीएनए वीस मायक्रोमीटर जाड असता, केसाहूनही बारीक." आपली उपमा कुठे तुटते हे तिने स्वतःच सांगितलं. हा आता वर्गाचा नियम.

भौतिकशास्त्राच्या दोघांनी आणलेली लोलकाची खेळणी सुंदर होती, पण प्रकल्पाशी त्यांचा संबंध नव्हता. वस्तू लक्ष वेधते, आणि मग लक्ष वस्तूवरच राहतं. त्यांना दुसरं काही शोधायला सांगितलं.

२७ फेब्रुवारी

प्रश्नोत्तरं. प्रश्न पुरता ऐकून घ्या, आपल्या शब्दांत परत म्हणा, मग उत्तर द्या. येत नसेल तर "माहीत नाही" म्हणा, आणि जमलं तर ते कसं शोधता येईल तेही सांगा. "माहीत नाही" हे दोन शब्द सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतले. परीक्षांनी या मुलांना रिकामी जागा कशानेही भरायची सवय लावली आहे, ती एका दुपारी जाणार नाही.

गणिताचा मुलगा ९ जानेवारीनंतर स्वतःहून एकदाही पुढे आला नव्हता. आज भौतिकशास्त्राच्या मुलीने त्याला जागेवरच विचारलं, "तू आलेख-सिद्धांतात नक्की करतोस काय?" आणि तो बोलू लागला. बसूनच. समजा काही गावं आहेत आणि त्यांच्यामधले रस्ते. कुठला एक रस्ता बंद पडला तर गावांचा संपर्क तुटेल? तिने पुढचा प्रश्न विचारला, त्याने उत्तर दिलं. सहा मिनिटं झाली. मी घड्याळ दाखवलं नाही, पुठ्ठाही उचलला नाही.

नंतर त्याला म्हटलं, तुझं भाषण असंच ठेवू. ती पहिल्या रांगेतून पहिला प्रश्न विचारेल, तू उत्तराने सुरुवात कर. पुढचे प्रश्न तू स्वतःच विचार आणि स्वतःच उत्तरं दे. तो म्हणाला, "चालेल असं?" का नाही चालणार? व्याख्यान म्हणजे न विचारलेल्या प्रश्नांची ओळीने दिलेली उत्तरंच असतात.

६ मार्च

रंगीत तालीम. विशेष काही नाही. दोघं आजारी. लाल-हिरव्या रेषांचे तीन आलेख बदलायला लावले, आमच्यातल्याच एकाला त्या दोन रेषा सारख्या दिसतात. प्रोजेक्टर दोनदा बंद पडला, दुसऱ्या वेळी बोलणारी थांबली नाही.

१३ मार्च

शेवटचं चित्रीकरण. क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेल्या स्पर्धेचा साचा घेतला: तीन मिनिटं, एकच स्थिर स्लाइड. ऐकायला इतर विभागांचे विद्यार्थी, पहिल्या वर्षाची मुलं, ग्रंथालयातले आणि कार्यालयातले कर्मचारी. हरवल्याच्या चिठ्ठ्या त्यांनाही वाटल्या.

१४ जणांपैकी १३ बोलले. शीर्षक वाचून कुणी सुरुवात केली नाही. दोघांचा वेळ संपला, पण निष्कर्ष सांगून झाल्यावर. एक जण तिसऱ्या वाक्याला पुन्हा पाठांतरात शिरला आणि शेवटपर्यंत बाहेर आला नाही. त्याच्याबरोबर वेगळं बसायला हवं होतं, माझ्याकडून राहून गेलं. गणिताचा मुलगा उभा राहिला. हात थरथरत होते, पहिल्या रांगेतून दिसत होते. प्रश्न आला, त्याने उत्तर दिलं आणि पुढे गेला. २ मिनिटं ५० सेकंद. कार्यालयातल्या एका काकांनी नंतर त्याला थांबवून विचारलं, वीज गेली की एकाच भागातली का जाते, ते यातलंच का? दोघं बराच वेळ दारात उभे होते.

पुढच्या तुकडीसाठी: आवाजाचा आठवडा नको. टिचक्या पहिल्याच दिवशी. अक्ष मोठ्याने वाचणं दर आठवड्याला, प्रत्येकाने, वर्ग सुरू होताना. आजीचा गृहपाठ दोनदा.

१८ मार्च

रसायनशास्त्राच्या मुलीने १३ तारखेला भाषण केलं नव्हतं. वाचनं पुरी झाली नव्हती, अर्धवट आकड्यांवर बोलणार नाही म्हणाली. आज भेटायला आली. दोन्ही उत्प्रेरकांची प्रत्येकी आठ वाचनं. नवा आलेख, अक्ष शून्यापासून, प्रत्येक स्तंभावर अनिश्चिततेच्या रेषा, आणि त्या एकमेकींत शिरलेल्या. माथ्यावर नवं विधान: "या परिस्थितीत दोन उत्प्रेरकांमधला फरक आम्हाला दिसला नाही."

खोलीत मी एकटीच होते. तरी ती उभी राहिली, पडद्याच्या बाजूला, माझ्याकडे तोंड करून, आणि म्हणाली, "आडव्या अक्षावर दोन उत्प्रेरक आहेत."